थोरल्याला घाई करू नये

२४ मार्च

आरोग्य खात्याच्या लोकांनी आम्हा गावातल्या सगळ्या सुइणींना तीन दिवस शिबिराला बसवलं, उकडलेली अंडी खाऊ घातली आणि निघताना प्रत्येकीच्या हातात ही वही दिली. पानावर चार रकाने आखलेत. बाईचं नाव, तारीख, काय झालं, वजन. एवढं लिहायला अशी कितीशी शाई लागणार? आणि वही दोनशे पानी. कोरी पानं वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. म्हणून पुढच्या बाजूने बाळंतपणं लिहीन आणि मागच्या बाजूने मला वाटेल ते. वाचणार कोण आहे? शेजारच्या सिफावूला अक्षर येत नाही आणि माझा मुलगा ताइवो चित्र नसलेला कागद उघडत नाही.

पहिल्या पानावर आपलं नाव लिहा, असं शिबिरातली बाई म्हणाली. तर, आयिंके. इग्बो-ओरा गावची सुईण. सासूच्या हाताखाली शिकले. वय चौपन्न, गुडघे सत्तर.

त्याच बाईने असंही सांगितलं की पोटात जुळं असेल तर बाईला सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. घ्या! आमच्या गावात? इथे दर दुसऱ्या उंबऱ्याला जुळं आहे. रेडिओवाले दरवर्षी येतात आणि विचारतात, तुम्ही खाता तरी काय? पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, भेंडीच्या पाल्याचं सार. दुसऱ्यांदा म्हटलं, विहिरीचं पाणी. तिसऱ्यांदा कंटाळून म्हटलं, आमचे नवरे लवकर घरी येतात. ते मात्र त्यांनी रेडिओवर लावलं नाही. जुळी जर दवाखान्यात पाठवायची, तर मी काय सिफावूच्या शेजारी मिरच्या विकायला बसू?

खरी बातमी राहिलीच. मोरोंके, माझी सून, शाळेत मास्तरीण आहे. तिला दिवस गेलेत. ओकाऱ्या अशा की घरातली मांजर घाबरून सिफावूकडे राहायला गेली. मी ताइवोला म्हटलं, एका बाळाच्या ओकाऱ्या नाहीत या. दोन आहेत.

माझी नातवंडं माझ्या हातावर येणार. आज झोप यायची नाही.

२ एप्रिल

मोरोंके शाळा सुटल्यावर शिंपिणीकडे गेली होती. अदुनोला नावाची कोणी नवी शिंपीण आहे म्हणे मोठ्या रस्त्याला. पोट वाढणार, तेव्हा सैल झगे हवेतच. तीन तासांनी आली, तोंड असं उजळलेलं की जणू हेडमास्तरीण केलीय. हातात कापडाची चिंधी नाही.

रात्री जेवताना ताइवोने विचारलं, "काय म्हणाली शिंपीण? एक का दोन?"

"दोन," ती म्हणाली. "आणि दोघांना अस्तर वेगवेगळं. ते सगळ्यात चांगलं असतं म्हणे."

मग दोघं हसायला लागले ते थांबेनात. ताइवोला ठसका लागला. अस्तरात हसण्यासारखं काय असतं, मला कळलं नाही. एकटा मुलगा, कसाव्याचे कंद किसायच्या यंत्रापाशी दिवसभर घरघर ऐकून जरा मंद झालाय.

३० एप्रिल

पुन्हा शिंपीण. पुन्हा रिकाम्या हाताने.

सूनबाईला संत्र्याचे डोहाळे लागलेत. रोज सकाळी एक संत्रं, आणि त्याच्याबरोबर तोंडात काहीतरी टाकते. विचारलं तर म्हणे डोकेदुखीची गोळी, मुलं फार ओरडतात वर्गात. रोजच्या रोज डोकं दुखतं? आणि जेवणावर चहा घेत नाही, दोन तासांनी घेते. मास्तरीण झाली की माणसाला सगळ्याला वेळापत्रक लागतं.

मी तिला कडू पाल्याचा रस्सा करून दिला. नाक दाबून प्यायली बिचारी. गुणाची आहे. फक्त माझ्याकडे बघून बोलत नाही हल्ली, भिंतीकडे बघून बोलते.

२८ मे

तिसरी खेप! म्हणे शिंपिणीने पोटावर फीत लावून माप घेतलं, चार बोटं वाढलंय. अगं, वाढणारच! पोट आहे, कोनफळ नाही सुकत ठेवलेलं. दर महिन्याला माप घेते आणि शिवत काही नाही, ही कसली शिंपीण? सिफावू म्हणते, आगाऊ पैसे घेऊन बसली असेल, अशांना एकदा चारचौघींत धरून सोलायला हवं. सिफावूला सोलायचं काम कोणाचंही चालतं. पण यावेळी तिचं बरोबर आहे.

११ जून

आज वरच्या आळीतल्या लोहाराची बायको. जुळं. शाळेला सुट्टी, म्हणून पाणी तापवायला मोरोंकेला बरोबर नेलं, म्हटलं बघू दे सासूचे हात.

पहिलं पोरगं सुळकन आलं. बाहेर बायकांनी गाणं धरलं. मी नेहमीप्रमाणे हात धुतले, कोलाच्या कडू बीचा तुकडा तोंडात टाकला आणि स्टुलावर बसले. नवख्या सुइणी इथेच घाबरतात, पोट दाबतात, धावाधाव करतात. पहिला येतो तो ताइवो, धाकटा. जगाची चव बघून ये म्हणून थोरल्यानेच त्याला पुढे पाठवलेलं असतं. मागून येतो तो केहिंदे, तो थोरला. थोरल्याला घाई करू नये. तो आपल्या पायरीने येतो. हे मी सासूकडून शिकले आणि आजवर पाळलं.

आला तो. सव्वा तासाने आला. जरा निळसर होता, पण उलटा धरून चार चापट्या दिल्या, पाठ चोळली, तोंडाने वारा घातला, तेव्हा रडला. बायकांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं.

मोरोंकेने मात्र कामात लक्षच दिलं नाही. सव्वा तास भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी. नंतर मागच्या अंगणात जाऊन ओकली आणि किती तरी वेळ आत आली नाही. डोळे लाल. पोटुशी बाई, रक्त बघवत नसेल. पुन्हा नेणार नाही.

१४ जून

तिने आज विचारलं, "आई, तो लोहाराचा दुसरा मुलगा दूध ओढतो का नीट?" मी म्हटलं, थोरल्यांना कशाचीच घाई नसते. ती उठून गेली.

२३ जुलै

आज माझं तोंड गावाने बघायला हवं होतं. नको, नकोच बघायला.

मंगळवार. मोरोंके गेली शिंपिणीकडे. मी तासाभराने मोटरसायकलवाल्याला थांबवलं आणि मागोमाग निघाले. वाटेत भाषण पाठ केलं. मोठ्या रस्त्याला, सरकारी दवाखान्याच्या पाठीमागे, एवढंच तिच्या तोंडून कधीतरी निघालं होतं. पाठीमागे तर नुसतं शेत. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, "अदुनोला शिंपीण कुठे बसते?"

तो हसला. "टाके घालतात त्या, आजी, पण कापडाला नाही. तिकडे, निळं दार."

निळं दार मी ढकललं. माझी सून बाकावर आडवी पडलेली, पोट उघडं, आणि पांढऱ्या कपड्यातली चष्मेवाली जाडी बाई त्या पोटावर फीत धरून उभी. मला सगळं त्या क्षणी कळलं. पण पाठ केलेलं भाषण कोणाचं ऐकतं का? ते तोंडातून निघूनच गेलं. "चार महिने झाले, झगा कुठाय?"

मग ती जाडी बाई म्हणाली, "बसा, माई. झगा शिवायचा आहे अजून, पण आतलं काम छान चाललंय. दोन बाळं, प्रत्येकाची पिशवी वेगळी, वार वेगळी. एकमेकांचं खाणं चोरत नाहीत. रक्तदाब बरा आहे. रक्त कमी होतं ते गोळ्यांनी वर आलंय." आणि स्टूल पुढे सरकवलं. ही मेट्रन अदुनोला.

संत्र्याबरोबरची गोळी. अस्तर. चार बोटं. मी, जिने ह्या गावाच्या अर्ध्या लोकांना जगात आणलं, माझ्या घरात काय चाललंय ते पहारेकऱ्याकडून कळलं मला! आणि ताइवोला सगळं ठाऊक! चित्र नसलेला कागद उघडत नाही म्हणून मी ज्याला हसले, तो दर महिन्याला पोटातल्या चित्राचा कागद उघडून बघत होता.

मी बसले नाही. घरी चालत आले. साडेतीन मैल. गुडघ्यांना आता सांगून उपयोग नाही.

२४ जुलै

सकाळी मोरोंके माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि खाली चटईवर बसली. एवढ्या पोटाने खाली बसणं सोपं नाही.

"आई, मारा मला, पण ऐका."

मी म्हटलं, "मी कधी मारलंय कोणाला? थोरलं पोट घेऊन खाली बसू नकोस, वर बस."

वर नाही बसली. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तिथे बाळंत होते. इथे, तुमच्या चटईवर. दवाखान्यात पाऊल टाकत नाही, शपथ. फक्त एक सांगा. पहिलं आलं की दुसऱ्याची वाट तुम्ही किती वेळ बघाल?"

"येईल तोवर."

"आणि नाही आलं तर?"

"थोरलं असतं ते. येतंच."

ती मग अगदी हळू म्हणाली, "आमच्या ह्यांची केहिंदे नाही आली, आई."

मी तिला खोलीबाहेर जायला सांगितलं.

२ ऑगस्ट

नऊ दिवस वहीला हात लावला नाही. सिफावूने दोनदा विचारलं, जीभ गिळलीस काय गं? तिच्याशी भांडलेसुद्धा नाही.

लिहिते. लिहिलं नाही तर ते माझ्या पोटात दगड होऊन बसेल.

एकतीस वर्षांपूर्वी. शाळेची दुपारची घंटा झाली तेव्हा ताइवो आला. सासूबाई होत्या धरायला. अंगणात गाणं सुरू झालं. आणि मला माझ्या पोटात कळलं की दुसरं आडवं झालंय. कळलं म्हणजे कळलं, त्याला काही सुईण असावं लागत नाही. डावीकडे डोकं टोचत होतं. मी म्हटलं, "आई, हे आडवं आहे, काहीतरी करा." सासूबाई म्हणाल्या, "थोरलीला घाई करू नये." मी एकदाच बोलले. पुन्हा नाही बोलले. बावीस-तेवीस वर्षांची सून, तिने किती बोलावं? शाळा सुटायची घंटा झाली. मुलं रस्त्याने ओरडत गेली. उन्हं उतरली तेव्हा सासूबाईंनी हात घालून तिला ओढली.

मुलगी होती. केस इतके. रडली नाही.

सगळे म्हणाले, थोरलीने दारातून जग बघितलं, आवडलं नाही, मागे फिरली. मी ते धरून ठेवलं. कारण ते सोडलं तर काय उरतं? ती आवडलं नाही म्हणून गेली नाही. ती अडकली होती आणि आम्ही गाणी म्हणत होतो.

आणि मग मी तेच शिकले, आणि तेच एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात जाऊन केलं. बरीच आली. सगळी नाही आली. जी आली नाहीत ती मी त्यांच्या मर्जीवर घातली आणि हात धुतले. किती, ते मला ठाऊक आहे. इथे लिहिणार नाही.

"किती वेळ?" एवढंच तर विचारलं पोरीने.

३ ऑगस्ट

रडून झालं. डोळे सुजून पुऱ्या झालेत. सिफावूला सांगितलं, कांदा चिरला. ती म्हणाली, कांद्याचं पोतं चिरलंस काय?

२० ऑगस्ट

आज मंगळवार. मोरोंके पिशवी घेऊन निघाली तशी मीही डोक्याला फडकं बांधलं. ती बघत राहिली. मी म्हटलं, "चल. शिंपिणीचं माप चुकलं तर कोण बघणार?" रस्त्याने ती रडली आणि हसली, दोन्ही एकदम. पोटात दोघं असली की सगळंच दुप्पट होतं.

चवळीचे वडे नेले होते, गरम. मेट्रन अदुनोलाने आधी दोन खाल्ले, मग हात धुतले. बाई हुशार आहे. मी तिच्याबद्दल मनात म्हणत होते की कानामागून आली आणि तिखट झाली. ते मागे घेते. निम्मं.

ती म्हणाली, "माई, मशीन लावायच्या आधी तुम्ही बघा ना हाताने."

मी तळवे चोळले, ठेवले. खालच्याचं डोकं खाली, शहाण्यासारखं. वरचं मात्र आडवं. डोकं आईच्या डाव्या कुशीला, पाय उजवीकडे, दुपारी चटईवर आडवं पडावं तसं. तसंच सांगितलं. मेट्रनने मशीन लावलं. पडद्यावर बघितलं. माझ्याकडे बघितलं. "बरोबर. तंतोतंत."

"मशिनीला वीज लागते," मी म्हटलं. "मला दोन वडे पुरतात."

मग मी तिला तेच विचारलं जे मला विचारलं होतं. "पहिलं आल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?"

"थांबत नाही, माई. पहिलं बाहेर पडलं की आत एकदम मोकळी जागा होते आणि दुसरं गिरक्या घेतं. तिथेच दोन चांगले हात लागतात, पोटावरून त्याला उभं धरून ठेवायला. डॉक्टर खालून बघतात, मी ठोके ऐकते. अर्धा तास हा आमचा शेवट, सुरुवात नव्हे. आणि नाहीच वळलं, ठोके उतरले, तर शेजारची खोली तयार असते. पोट उघडतो. रक्ताच्या बाटल्या आधी आणून ठेवतो."

मी विचारलं, ते दोन चांगले हात कोणाचे?

ती म्हणाली, "तेच तर. माझ्याकडची पोरगी नवी आहे. डॉक्टरांना मी विचारून ठेवते."

घरी येईपर्यंत मी हाताकडे बघत होते.

२७ ऑगस्ट

ताइवोने रक्त दिलं. सुई बघून पडला. मोरोंकेने, साडेसात महिन्यांच्या पोटाने, त्याला वारा घातला. असा हा घरधनी.

१ सप्टेंबर

गावात बोभाटा झाला. बाजारात मासळीवाली मोठ्याने म्हणाली, "सुईणबाईंची सून दवाखान्यात! स्वयंपाकिणीने खाणावळीत जेवावं तसं झालं." सगळ्या हसल्या. मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी जमिनीत जाईन. नाही गेले. मी म्हटलं, "स्वयंपाकीण तिथल्या चुलीवरही जाणार आहे, तू ये जेवायला."

सिफावूने मासळीवालीला पुढे अर्धा तास सोललं. तिला तेवढंच निमित्त हवं होतं.

१८ सप्टेंबर

काल. क्रमाने लिहिते.

सकाळी मोरोंके पोरांच्या वह्या तपासत बसली होती. चौथीच्या गणितावर लाल रेघ मारता मारता म्हणाली, "आई, पाणी गेलं." मी आयुष्यात हे हजारदा ऐकलंय. तरी डोक्याचं फडकं उलटं बांधलं. ताइवोने कसाव्याची गाडी काढली, दुसरं वाहन होतं कुठे? मागच्या फळ्यांवर गादी टाकली, गादीवर ती, तिच्या उशाशी मी, आणि पायाशी सिफावू, जिला कोणी बोलावलं नव्हतं. सगळ्या रस्त्याभर आंबट कसाव्याचा वास. मोरोंके म्हणे, "पोरं बाहेर येऊन म्हणतील, आई, कुठे आलो आपण?"

दवाखान्यात त्यांनी मला हिरवा अंगरखा दिला. तो अर्ध्यावरच अडला. दुसरा आणला, पुरुषाचा. हातातली बांगडी काढायला लावली, कोपरापर्यंत साबण लावायला लावला. डॉक्टर म्हणजे कोवळा पोर, ओलाजिदे नावाचा, पण हात शांत होते. त्याने मला विचारलं, "माई, तयार?" मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, मीच विचारते.

दोन वाजून दहा मिनिटांनी पहिला आला. मुलगा. आल्या आल्या भांडायला लागला. बाहेर सिफावूला आवाज गेला आणि तिने गाणं धरलं, तिच्याबरोबर ओळखीपाळखी नसलेल्या सगळ्या बायकांनी धरलं.

आणि खरं लिहिते. ते गाणं ऐकलं आणि माझं अंग स्टूल शोधायला लागलं. तोंडाला कोलाची चव आली. एकतीस वर्षांची सवय, ती काय शिबिराने जाते?

"माई, हात!" मेट्रन ओरडली.

मी दोन्ही तळवे ठेवले. आत नुसता गोंधळ. एवढी जागा बघून माझ्या नातीला नाचावंसं वाटलं असणार. डोकं हाताखालून निसटून डावीकडे चाललं होतं. डावीकडे, त्याच जागी. मी डाव्या हाताने डोकं अडवलं, उजव्याने बूड वर रेटलं, आणि हळूहळू, पीठ मळताना वळवावं तसं, खाली आणलं. धरलं. डॉक्टर म्हणाला, "असंच, असंच, सोडू नका." मेट्रन ठोके ऐकत होती. तिचा चेहरा बदलला. "मंदावतायत," ती म्हणाली. डॉक्टरने शेजारच्या खोलीकडे बघितलं.

मग माझं मला कळलं नाही. मी त्या पोटावर वाकले आणि ओरडले, "अगं ए! थोरली असशील तर तुझ्या घरची! सगळे खोळंबलेत इथे! खाली बघ, खाली! निघ म्हणते ना, निघ!"

डॉक्टर हसला. मेट्रन हसली. मोरोंकेला घामाच्या धारांत हसू फुटलं, आणि त्या हसण्याबरोबरच तिने असा जोर लावला की डोकं खाली टेकलेलं मला हाताला लागलं. मेट्रन म्हणाली, "ठोके वर आले. आता, मोरोंके, आता."

दोन वाजून चोवीस मिनिटं. मुलगी. केस इतके.

आणि रडली. देवा, काय रडली! भावाला गप्प केलं तिने.

चौदा मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होते आणि चौदाच मिनिटं झाली होती. मी मटकन खाली जमिनीवर बसले आणि भोकाड पसरलं. डॉक्टर घाबरला, "माई, छातीत दुखतंय का?" मोरोंके वरून म्हणाली, "असू द्या डॉक्टर. त्यांचं फार दिवसांचं आहे."

दोघांची वजनं पुढच्या पानावर रकान्यात लिहिलीत. चांगली आहेत.

२४ सप्टेंबर

आठवा दिवस, बारसं. चवळीची दोन मोठी पातेली, लाल तेलात. गावातली झाडून सगळी जुळी जेवून गेली, कोणी दोनदा जेवलं तरी ओळखणार कसं? घरात आता ताइवो दोन झाले. मोठ्याला हाक मारली की धाकटा दचकतो.

सिफावूने मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं आयिंके, आता थोरली कोण? का दवाखान्याने तेही बदललं?"

मी म्हटलं, "केहिंदेच थोरली. पण आमची थोरली वेळेवर येते, तुझ्यासारखी न बोलावता आणि उशिरा नाही."

९ ऑक्टोबर

कुंभारणीची सून आली होती, दोन आहेत, आठवा सरलाय. कुंभारीण म्हणे, "तूच धर, आयिंके, आम्हाला घाई नाही." मी म्हटलं, "मला आहे. गाडीत बसा." हात मी धरीनच, पण निळ्या दाराच्या आत. मेट्रनने मला एक अंगरखा बाजूला काढून ठेवलाय, माझ्या मापाचा.

लोहाराच्या घरीही गेले होते. तो दुसरा मुलगा मान उशिरा धरतोय. मी त्याला मांडीवर घेऊन बसले. लोहाराच्या बायकोला काय सांगायचं ते मला अजून जमलं नाही. मेट्रनकडे घेऊन जाते म्हटलं, उद्या सकाळी. ते तरी करते.

२७ ऑक्टोबर

आज चाळीस दिवस झाले, म्हणून पोरांना घेऊन बाजारात नाचायला गेलो. जुळ्यांच्या आईने बाजारभर नाचत जायचं आणि प्रत्येक दुकानाने काहीतरी हातावर ठेवायचं, हा आमच्याकडचा मान. माझा तो मान झाला नव्हता. एक मूल घेऊन कोणी नाचत नाही.

पुढे मोरोंके, पाठीला मुलगा बांधलेला. मागे मी, पाठीला मुलगी. दोघींचं कापड एकाच ताग्यातलं, आणि ते खऱ्या शिंपिणीने शिवलं, दोन दिवसांत. सिफावू थाळी वाजवत होती. मासळीवालीनेसुद्धा दोन सुके मासे दिले, एकेकाचं नाव घेऊन.

मिठाच्या गल्लीत एक परगावची म्हातारी बसली होती. तिने मोरोंकेला थांबवून पाठीवरच्याचं नाव विचारलं. "ताइवो," मोरोंके म्हणाली.

आमच्याकडे ताइवो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कोणीही विचारतं, ओळख असो नसो. माझ्या पोराला शाळेत विचारलं, बसमध्ये विचारलं, लग्नात विचारलं. तो तान्हा असताना ह्याच बाजारात मला विचारायचे आणि मी मिठाची पुडी तशीच टाकून घरी पळायची. वर्षानुवर्षं मी मीठ सिफावूकडून मागवलं.

म्हातारी म्हणाली, "ताइवो का? वा! आणि केहिंदे कुठाय?"

मोरोंकेने मागे वळून माझ्याकडे बघितलं. उत्तर तिने माझ्यासाठी ठेवलं.

मी पुढे झाले, जरा वाकले आणि म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल अशी वळून उभी राहिले.

"झोपलीय," मी म्हटलं. "हळू बोला."